मांडीवरचा काळोख

आदेशची गाडी स्टुडिओसमोर थांबली, तेव्हा जोया काउंटरवर दहावीचं विज्ञान उघडून बसली होती.

"कय्यूमभाऊ कुठी आहे?"

"अब्बा लग्नाच्या ऑर्डरवर आरमोरीले गेले. काम सांगा नं, मी करते!"

"बाळाचा फोटो काढायचा आहे," आदेश म्हणाला. "काल झालं. आज पहाटे गेलं."

जोयानं पुस्तक मिटलं.

आदेशची बायको पुनम ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात होती. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर येईस्तोवर बाळ काचेच्या पेटीत गेलं होतं, अन् पेटीतून ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. माती द्यायला तिच्यासाठी थांबता येत नव्हतं. मोबाईलवर फोटो काढायला आदेशच्या आईनं, गुणाबाईनं, साफ मनाई केली होती. मागच्या साली वाघानं गावातल्या कोलूला नेलं, तेव्हा त्याच्या देहाचा फोटो तासाभरात तालुकाभर फिरला होता. "स्टुडिओवाल्याले आण," ती म्हणाली होती. "एकच फोटो. पुनमपुरता."

जोयानं अब्बांना फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"जा बेटा. पण फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेव, स्टँड नको नेऊ. आणि मयताच्या घरी फोटो काढून लगेच स्क्रीनमध्ये पाहायचं नाई. लोकायले वाटते, हे तमाशा पाहून राह्यले."

दुसरी गोष्ट जोयानं गाठीला बांधली. पहिली मात्र तिला पटली नाही. महिनाभरात ती स्टँडवरचा फ्लॅश शिकली होती. शाळेच्या गॅदरिंगचे तिचे फोटो पाहून खुद्द अब्बा म्हणाले होते, "ही तर माह्याही पुढं गेली!" आज तर चांगलाच फोटो हवा होता. तिनं स्टँड पिशवीत कोंबला.

गुणाबाई सपरीच्या, घरापुढच्या पडवीच्या, कडेला बसली होती. मांडीवर पांढऱ्या फडक्यात बाळ, डोक्याला हिरवं टोपडं. शेजारी पुनमचा सासरा मुखरू, मागं आदेश. त्यांच्या पाठीशी धान वाळत घातलेलं अंगण उन्हानं पांढरंफट्ट पडलेलं अन् सपरीत सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले. जोयाला उपाय ठाऊक होता. शटरचा वेग वाढवायचा, म्हणजे मागचं ऊन दबतं, अन् चेहरे फ्लॅशनं उजळायचे. तिनं फ्लॅश स्टँडवर चढवला अन् कॅमेऱ्याचं चाक फिरवलं. दोनशे. अडीचशे. पाचशे. कॅमेऱ्यानं अडवलं नाही, म्हणजे चालतं, असं तिला वाटलं.

"आजी, इकडे पाहा. सगळे इकडेच पाहा. बाळाकडे नको, फोटोत नजर खाली जाते."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. फ्लॅश लखकन उडाला. तिनं तीन काढले, मग एक जवळून, नुसत्या बाळाचा. स्क्रीनकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. आपण किती शहाण्यासारखं वागलो, असं वाटून तिला बरंसुद्धा वाटलं.

संध्याकाळी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर फोटो उघडले. गुणाबाईचा चेहरा लख्ख. मुखरूचा, आदेशचा, तोही लख्ख. त्यांच्या छातीखाली मात्र फोटोभर आडवा काळोख पसरला होता. मांडी नव्हती. बाळ नव्हतं. जवळच्या फोटोत टोपडं अन् कपाळ तेवढं दिसत होतं, भुवयांपासून खाली अंधार. तिनं उजेड वाढवून पाहिला, तर नुसते करडे दाणे वर आले.

अब्बा परतले अन् तिच्या मागून स्क्रीनकडे वाकले.

"शटर किती?"

"पाचशे."

"शटरचे दोन पडदे असते, बेटा. दोनशेपर्यंत पूर्ण खिडकी उघडते. त्याच्यापुढं पहिला पडदा उघडून होत नाई, तर दुसरा बंद व्हायले लागते. फ्लॅश उडला तेव्हा अर्धी खिडकी झाकलेली होती."

"पण कॅमेऱ्यानं अडवलं काऊन नाई?"

"वर बसलेला फ्लॅश त्याले माहीत असते. स्टँडवरचा आपला स्वस्तातला, तो त्याले दिसतच नाई. म्हणून नको म्हटलं होतं."

बाळाला दुपारीच माती दिली होती. अब्बा हळूच म्हणाले, "तान्ही लेकरं सगळी सारखीच. दुसऱ्याचा चेहरा बसवून देतो. तिनं कुठी पाह्यलं आहे?"

जोयानं मान हलवली. "नाई अब्बा. ती त्याले जन्मभर पाहीन."

नवव्या दिवशी पुनम घरी आली. जोया एकटीच गेली, हातात तो जवळचा फोटो. येताना पाठ केलेलं सगळं ती विसरली.

"वहिनी, चूक माझी आहे. इतकंच निघालं."

पुनमनं फोटो मांडीवर घेतला. टोपड्यावरून, कपाळावरून बोट फिरवलं. काळोखाशी बोट थांबलं. मग तिनं पदराचं टोक घेतलं अन् तो काळोख पुसायला लागली. हलके, जसं लेकराचं तोंड पुसतात.

"निघत नाई ते, वहिनी," जोया म्हणाली.

पुनम थांबली. तिनं सासूकडे पाहिलं. "तुमच्या मांडीवर होतं नं, बाई. नाक कोणासारखं होतं? तुम्ही सांगा."

गुणाबाईनं जोयाकडे बघितलं, मग खाली.

"पाह्यलंच नाई वं नीट," ती म्हणाली. "ही पोरगी म्हणे, इकडे पाहा. मले वाटलं, फोटोत येऊनच राह्यलं नं."