फरशीवरची सुई

संगमेश्वर सरांच्या घरी आलेल्या माणसाला आधी दिसायचे ते दिवाणखान्यातले दोन स्पीकर, आणि मग दिसायची त्यांच्या बायकोच्या पायांतली जाड तळाची चप्पल. लातुरातल्या लिंगायत घरात, सकाळ-संध्याकाळ इष्टलिंगाची पूजा होते तिथं, घरभर चप्पल घालून फिरणारी बाई म्हणजे लोकांना नवलच. पूजेला बसताना तेवढी पार्वतम्मा चप्पल काढायची आणि चौपदरी घोंगडीवर बसायची. फरशीला पाय लावायची नाही.

ती किल्लारीजवळच्या एका खेड्यातली. भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षापासून गावाखाली गुरगुर सुरू होती. मांडणीवरची भांडी वाजायची. पंधरा वर्षांची पार्वतम्मा बापाला म्हणायची, "अप्पा, भुईला कायतरी होतंय. भाईर झोपू." बाप, धोंडप्पा, हसायचा. "मोठी गाडी गेली असंल रस्त्यानं. निज गप." तिनं हट्ट करून आपलं अंथरूण उंबऱ्याबाहेर ओसरीत नेलं. गणपती विसर्जनाच्या रात्री गाव दमून झोपलं होतं, पहाटे माळवद आणि दगडी भिंती एकदम बसल्या. ओसरीतली पोरगी दुपारपर्यंत जिवंत निघाली. आत होते त्यांतलं कुणी निघालं नाही.

अहमदपूरच्या काकानं, शरणप्पानं, तिला वाढवलं आणि चाकूरच्या संगमेश्वरला दिलं. त्या वेळी तो लातुरात दोन खोल्यांत तीस पोरांना फिजिक्स शिकवायचा. माणूस हुशार होता, कष्टाळू होता, बायकोला कधी हात लावला नाही. तिसाची तीनशे झाली, तीनशेची दोन हजार झाली. पंचवीस वर्षांत त्याची स्वतःची इमारत उभी राहिली. खाली क्लासचा हॉल, त्यावर दोन मजले मुलींचं वसतिगृह, तिसऱ्या मजल्यावर घर. पुढं घराच्याही डोक्यावर अभ्यासिका बांधली, तिच्यावर पाण्याच्या टाक्या आल्या. लेक सृष्टी नांदेडला कॉलेजात गेली, घर रिकामं झालं, आणि सरांनी स्पीकर आणले.

ते परदेशी होते. एकेक साठ किलोचा, छातीएवढा उंच. सर रोज संध्याकाळी सातला तबला नाही तर सनई लावून तासभर डोळे मिटून बसायचे. पार्वतम्मालाही सनई आवडायची. पण गेल्या दिवाळीपासून तिच्या पायांना फरशी थरथरताना लागायला लागली होती.

"अहो, फरशी हलून राहिलीय."

"बेस आहे तो. तबल्याचा डग्गा."

"डग्गा थांबला तरी हलतीय."

"तो तुझ्या डोक्यात हलतो, पार्वती."

मग ती उठून रस्त्यावर जाऊन उभी राहायची. वसतिगृहातल्या मुली खिडकीतून बघायच्या. एक-दोघी हसायच्या. सरांना ते लागलं. क्लासच्या मालकाची बायको रोज संध्याकाळी रस्त्यावर उभी, हे बरं दिसत नव्हतं. त्यांनी चौकशी करून नांदेडहून गुलाम रसूलला बोलावलं.

गुलाम रसूल पासष्टीचा. चाळीस वर्षं तिथल्या वजिराबाद भागात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केलेला माणूस. आता दुरुस्तीला कुणी येत नव्हतं, पण हौशी लोकांच्या स्पीकरखाली बसवायचे पाय तो स्वतः बनवायचा: खालीवर पितळी वाट्या, मध्ये रबर आणि स्प्रिंग. त्यासाठी त्याला परभणी-औरंगाबादेहून बोलावणी यायची.

त्यानं स्पीकर कलवून खाली पाहिलं. कंपनीनं दिलेले टोकदार पोलादी खिळे होते.

"हे काढावं लागतील, सर."

"कंपनीचे आहेत ते. कंपनं थांबवायलाच दिलेत."

"थांबवत न्हाईत, सर. हे तर सगळं थेट फरशीत पोचवतात. टाचेची चप्पल घालून कुणी डोक्यावर चाललं तर खालच्याला कसं ऐकू येतं, तसं." मग चहा देणाऱ्या पार्वतम्माकडं वळून तो म्हणाला, "ताई, तुम्हाला लागतं ते खरं हाय."

पंचवीस वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

त्यानं पिशवीतून एक उपकरण काढलं. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई होती. तिच्यावर शिशाचं वजन चढवून ती फरशीवर टेकवली, तार छोट्या डब्याला जोडली आणि कानाला हेडफोन लावले. "फरशी काय बोलते ते ही ऐकवते." तबला लावला तसा तो मान डोलवायला लागला. सरांनीही ऐकलं. डग्गा जणू फरशीतच वाजत होता.

दोन दिवस काम चाललं. त्यानं स्पीकरचं वजन पुन्हा पुन्हा तोललं. रबर कडक झालं तर सगळं खाली जातं, मऊ झालं तर दबून बसतं आणि काहीच अडवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चारी-चारी पाय बसले. स्पीकरला बोट लावलं की तो पाण्यातल्या नावेसारखा संथ डुलायचा. सर क्लासवर होते. गुलाम रसूलनं मोठ्यानं तबला लावला, सुई टेकवली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

त्यानं तबला बंद केला. आठी तशीच होती.

"काय झालं, चाचा?"

त्यानं हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. खोलीत शांतता होती, आणि कानात एक घरघर होती. संथ, जाड, मध्येच अडखळून ठक्क करणारी. पार्वतम्मानं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. तिचे पाय महिनोन् महिने सांगत होते ते आज पहिल्यांदा तिच्या कानात आलं होतं.

"हेच," ती म्हणाली. "हेच हाय ते."

"हे स्पीकरचं न्हाई," गुलाम रसूल म्हणाला. "आता वर काही चालू हाय का?"

अभ्यासिकेवरच्या टाक्यांना दोन मोटारी होत्या. पार्वतम्मानं वर जाऊन त्या बंद केल्या. घरघर थांबली. चालू केल्या, परत आली. म्हातारा हळूहळू जिना उतरला. प्रत्येक मजल्यावर सुई टेकवून ऐकत गेला, मागोमाग ती. त्याचं म्हणणं असं, की मोटारीपासून लांब गेलं की आवाज कमी व्हायला पाहिजे. इथं तो खाली जावं तसा वाढत होता.

खालच्या हॉलमध्ये दुपारची बॅच नुकतीच सुटली होती. छताखाली रंगवलेला एक लोखंडी गर्डर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला. पार्वतम्माला आठवलं, इथं मधोमध एक खांब होता. मागच्या बाकांना फळा दिसत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी सरांनी तो काढला होता. गर्डर भिंतीत शिरत होता त्या कोपऱ्यावर रँकवाल्या मुलांच्या फोटोंचं मोठं फ्लेक्स ताणलेलं होतं. गुलाम रसूलनं त्याची कड उचलली. मागं भिंतीत बोट जाईल अशी भेग होती, आणि त्या भेगेत सिमेंट भरल्याच्या तीन-चार वेगवेगळ्या खुणा होत्या.

म्हणजे कुणाला तरी माहीत होतं.

संध्याकाळी गुलाम रसूलनं सरांना सगळं सांगितलं. पार्वतम्मा दाराशी उभी होती. सरांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत.

"जूनमध्ये बघू," ते म्हणाले. "आता परीक्षेचे दिवस. आठशे मुलं खाली बसतात, अडीचशे मुली वर राहतात. हॉल बंद केला तर त्यांना कुठं पाठवू?"

"सर, मोटार केवढी, इमारत केवढी. एवढ्यानं ती हलायला न्हाई पायजे."

"चाचा, तुमची नात यंदा बारावीला आहे म्हणालात. नीटची तयारी कुठं करते?"

"जिक्रा? नांदेडातच, घरी."

"पाठवा इकडं. पहिल्या बॅचमध्ये बसवतो, वरच राहील. पोरगी हुशार असेल तर तिचं नुकसान का करता?"

गुलाम रसूल खाली वाकून आपली पिशवी आवरायला लागला.

पार्वतम्मानं आठ दिवस वाट पाहिली. नवऱ्याला तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "इंजिनियर बघून गेलाय." निवृत्ती नावाचा त्यांच्याच ओळखीचा एक इंजिनियर आला होता खरा. हॉलमध्ये उभ्यानं चहा पिऊन गेला होता, फ्लेक्स उचललं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी ती वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहिली आणि दार न् दार वाजवत गेली. "पोरींनो, खाली उतरा. वह्या-पुस्तकं घ्या, रस्त्यावर चला. ही इमारत धड न्हाई." तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, मुली हसल्या नाहीत. अर्ध्या तासात दोनशेच्या वर मुली रस्त्यावर उभ्या होत्या, कुणी ब्रश तोंडात घेऊन, कुणी ओल्या केसांनी. पालकांना फोन गेले.

दुपारी सरांनी पालकांना हॉलमध्येच बसवलं. ते अगदी शांतपणे बोलले. "माझी पत्नी किल्लारीच्या भूकंपातली आहे. आईबाप डोळ्यांदेखत गेले. असा आघात माणसाला सोडत नाही. मी तिच्या वतीनं माफी मागतो." काही बायकांनी डोळे पुसले. पार्वतम्मा मागच्या बाकावरून उठली.

"मला कायबी झालं न्हाई. चाचांनी सुई लावून ऐकलंय. त्यांना इचारा."

गुलाम रसूल तिथंच होता. नातीला सोडायला त्याच सकाळी आला होता. जिक्रा शेजारी बसली होती, ओढणी डोक्यावर, मांडीवर नवी बॅग. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. तो सावकाश उठला.

"मला स्पीकरचं कळतं," तो म्हणाला. "इमारतीचं मला काय कळतंय, साहेब."

तो खाली बसला. सरांनी निवृत्ती इंजिनियरचा कागद वाचून दाखवला. चार वाजेपर्यंत मुली आपापल्या खोल्यांत गेल्या होत्या.

पार्वतम्माला डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. मग हवापालट म्हणून तिला नांदेडला सृष्टीच्या भाड्याच्या खोलीवर पाठवलं. सृष्टी वाईट पोरगी नव्हती. आईला गरम भाकरी करून घालायची, गोळ्या वेळेवर द्यायची, आणि विषय निघाला की म्हणायची, "आई, बाबांना फिजिक्स कळतं गं. तू शांत राहा बरं."

फेब्रुवारीत एके सकाळी गुलाम रसूल तिच्या दाराशी आला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"माफी मागायला आलो, ताई."

"जिक्राची खोली कितवी?"

त्यानं खाली बघितलं. "दुसरा मजला. मधली."

"गर्डरच्या वरची."

"हाव."

"तुम्ही स्वतःच्या हातानं सुई लावली होती, चाचा."

"तीन महिने ऱ्हायलेत. मेमध्ये परीक्षा हाय. घरात आजवर कुणी धावी पास न्हाई, ताई. पोरगी पहिल्या पन्नासात येऊन राहिली. आन् आता हलत न्हाई. सरांनी मला परत बोलावलं होतं. दोन्ही मोटारींखाली पाय बसवलेत मी, रबराचे, स्प्रिंगचे. सुई लावून बघितलं. कायबी ऐकू येत न्हाई."

पार्वतम्मानं विचारलं, "भेग?"

"भेग हाय तशीच हाय."

"मग तुम्ही काय केलंत चाचा? ती बोलत होती, तिचं तोंड बांधलंत. आता मी तिथं ऱ्हायले तरी मला कळायचं न्हाई."

त्यानं जिक्रासाठी दुआ करा असं काहीतरी पुटपुटलं आणि तो गेला. पार्वतम्मानं दार लावलं नाही. बराच वेळ ती तशीच उघड्या दारात उभी होती.

मार्च गेला, एप्रिल गेला. काही पडलं नाही. दर दिवशी न पडणाऱ्या त्या इमारतीनं तिला आणखी थोडं खोटं पाडलं. एकदा तर भांडी घासता घासता तिच्या मनात आलं, की एकदाचं काहीतरी व्हावं. कोपऱ्यातला एक तुकडा पडावा, रिकाम्या वेळी, कुणाला न लागता. मग तिला आपली एवढी शिसारी आली की ती ताट तसंच टाकून उठली. तिचं ऐकून बापाला हसू आलं होतं. त्यात निदान कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. जिक्राला सरकारी मेडिकलला जागा मिळण्याएवढे मार्क पडले. सत्काराला सरांनी गाडी पाठवली. सृष्टीनं आग्रह केला, "नाही गेलीस तर लोक काय समजतील?" पार्वतम्मा गेली. तिला मंचावर, गर्डरच्या बरोबर खाली खुर्ची दिली. फ्लेक्स नवं होतं, मोठं होतं, आता अख्खी भिंत झाकत होतं. सरांनी माईकवरून सांगितलं, की भूकंपानं ज्यांचं सगळं नेलं त्यांनीही उभं कसं राहावं हे माझ्या घरातच मी रोज पाहतो. हॉलमध्ये हजारभर माणसं होती. टाळ्या वाजल्या. कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली.

कार्यक्रम संपल्यावर जिक्रा पाया पडायला आली. पोरगी खरंच गोड होती. पार्वतम्मानं तिचा हात धरला आणि हळूच विचारलं, "खोलीतलं सामान नेलंस का?"

"हाव, खालाजान, कालच नेलं. अब्बा येऊन घेऊन गेले."

पार्वतम्माचा हात सैल झाला. "बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आता त्या खोलीत कोण हाय?"

"नवी आलीय सकाळीच. चाकूरची हाय म्हणं. नाव अजून न्हाई विचारलं."