थंड भट्टीचं दार

या एका कामातून ठिणगीच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढे कुणीतरी तिला भोळी म्हणायचं. बाबांची खुर्ची, म्हणजे काचेचा अख्खा कारखाना, हा मोठा लाभ. गावातल्या सर्वांत मोठ्या खिडकीत आपल्या हातची काच, हा त्याखालचा. आणि धाकट्या भावाला जन्मभर ऐकवायला एक वाक्य, हा वरकड. तिचा जीव वरकडावर जरा जास्तच होता.

कारखान्यात भट्ट्या दोन. एक पेटती, जिच्यात काच मधासारखी पातळ होते. ती ठिणगीकडे. दुसरीला सगळे थंड भट्टी म्हणत. नावालाच थंड, आत हात घातला तर कातडी तिथेच राहील. घडवलेली काच तिच्यात ठेवायची आणि आच दिवसेंदिवस उतरवत तिला सावकाश निवू द्यायचं. ती धाकट्याकडे. ही वाटणी बाबांनी दोघं शिकाऊ असतानाच करून टाकली होती: तापट पोरगी आगीपाशी, थंड पोरगा निवण्यापाशी. ठिणगीचं काम बघायला माणसं दारात गर्दी करत. काच निवताना बघायला कोण येणार? धाकटा स्टुलावर बसून भट्टीची आच दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचा आणि लोक त्याच्याकडे बघून त्याला निवांत म्हणायचे. काच जमली की ती ठिणगीने केलेली असायची. तडकली की निवांतने तडकवलेली.

काम आणलं ते श्वासबाईंनी. श्वास फुकटचा असला तरी तो नीट घ्यायला शिकवणारं माणूस लागतं, या सत्यावर बाईंचं उत्तम चाललं होतं. त्यांनी नवं सभागृह बांधलं होतं आणि समोरच्या गोल खिडकीसाठी त्यांना यिन-यांगचं चक्र हवं होतं: अर्धं काळं, अर्धं पांढरं, मधली रेघ पाण्यासारखी वळलेली, काळ्यात एक पांढरा ठिपका, पांढऱ्यात एक काळा. काळं म्हणजे वाईट नव्हे, बाईंनी समजावलं. काळं म्हणजे गार, स्थिर, थांबणारं. पांढरं म्हणजे ऊन, धावणारं, करणारं. माणसाच्या आत दोन्ही लागतात, आणि एकाच्या पोटात दुसऱ्याचं बी नसलं तर आतला तोल जातो.

“म्हणजे पांढरी मी आणि काळा हा,” ठिणगी म्हणाली.

“चालेल,” निवांत म्हणाला. “काळ्यावर डाग दिसत नाहीत.”

बाबांनी त्याच दिवशी दोघांना समोर उभं करून अट घातली. चक्र खिडकीत अखंड चढलं तर खुर्ची ठिणगीची. ज्याच्या हातून ते बिघडेल, त्याने खुर्चीचं नाव काढायचं नाही.

ठिणगीने ते ओतलं तेव्हा काम थांबवून सगळे कारागीर बघत राहिले. लोखंडी साच्यात मधोमध वळणदार पट्टी, एका बाजूला काळी काच, लगेच दुसऱ्या बाजूला पांढरी, आणि दोन्ही मऊ आहेत तोवर पट्टी वर उचलायची. क्षणभर उशीर झाला तर दोघी एकमेकींना धरत नाहीत. मग ठिपके. एकटीने केलं, आणि असं केलं की बाबा खुर्चीतून उठून आले. चक्र थंड भट्टीत गेलं. आता काम निवांतचं. ठिणगीला फक्त वाट बघायची होती. तिला जगातली सगळी कामं येत होती, हे एक सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत घरी जेवायला गेला आणि नेमक्या श्वासबाई आल्या, सोबत सभागृहाला देणग्या दिलेली चार वजनदार मंडळी. एवढ्या लांबून आलोय, नुसतं बघायला मिळेल का? ठिणगीने नाही म्हणायला हवं होतं. तिने दार उघडलं. आतल्या लालसर उजेडात चक्र असं काही दिसलं की वजनदार मंडळींच्या तोंडून शब्द फुटेना. शब्द फुटले तेव्हा मग बरेच फुटले, आणि कौतुक ऐकता ऐकता दार उघडंच राहिलं. मंडळी गेली, तिने दार लावलं. निवांत परत आला, काट्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं, आणि स्टुलावर बसला.

चक्र वेळेवर बाहेर निघालं, अखंड. बाईंना बोलावलं. ठिणगी मऊ फडक्याने पुसून बाजूला झाली होती, बाबा टेबलाशी उभे होते, आणि कुणी बोट लावलं नसताना टक् असा आवाज झाला. तडा पांढऱ्यातून निघाला आणि काळ्यात जाऊन थांबला.

असं का होतं, ते कारखान्यात सगळ्यांना ठाऊक. बाहेरची काच आधी निवते, आतली मागून. मध्येच गार वारा लागला तर बाहेरची ताठते आणि आतलीला ओढत बसते. वरून हसरी, आतून ताणलेली. मग कधी तरी, काही कारण नसताना, सुटते.

बाबांनी निवांतकडे बघितलं. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं एकच काम सांगितलं तुला, ते म्हणाले, तेही होत नाही. आजपासून त्या भट्टीपाशी बसू नकोस. निवांतने ठिणगीकडे बघितलं. श्वासबाईंनीही बघितलं आणि श्वास रोखून धरला. ती कला त्यांना अवगत होतीच.

ठिणगीचं सगळं भांडवल तिथे टेबलावर होतं. ती गप्प राहिली असती तर दुसरं चक्र ओतून खुर्ची तिचीच होती. पण ठिणगीच्या अंगात एक खोड होती: तिच्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलेलं तिला खपत नसे. चांगल्यावर नाही आणि वाईटावर तर त्याहून नाही.

“त्याला काय बोलता,” ती म्हणाली. “काच माझी आहे. जमली असती तर माझी म्हटली असती ना? मग फुटली तीही माझीच. दार मी उघडलं होतं.”

“माहीत होतं,” निवांत म्हणाला. “काटा उतरला होता.”

“मग तोंड का शिवलं होतंस?”

“तू बोलतेस का, ते बघत होतो.”

ठिणगीने त्याच्याकडे असं बघितलं की कारागीर दोन पावलं मागे सरले. याच्यात एवढी आग कधीपासून, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता. मग ती हसली. बाबा हसले नाहीत. मग खुर्ची त्याची, ते म्हणाले. ठिणगीने मान डोलावली, आणि एकच मागणं केलं: दुसरं चक्र दोघांनी करायचं, दोन्ही भट्ट्यांवर.

या वेळी तिने दोन्ही काचा ओतल्या आणि पट्टी निवांतने उचलली. आयुष्यात कधी घाई न केलेल्या माणसाने एका झटक्यात, जराही न हलवता. ठिपकेही त्यानेच बसवले. “अरे, तुला येतं की,” ठिणगी म्हणाली, आणि त्याने उत्तर दिलं, “कधी कुणी सांगितलंच नाही, ताई.” बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

मग ती स्टुलावर बसली. पहिल्या दिवशी तिने कबुतरांशी भांडण काढलं, काट्याला शिव्या दिल्या, भावाला विचारलं की इतकी वर्षं तू डोक्यात करतोस तरी काय. काही नाही, तो म्हणाला, आधी आतलं धावणं ऐकू येतं, मग ते दमतं. दुसऱ्या दिवशी तिचं थोडं दमलं.

आणि तिसऱ्या दिवशी वजनदार मंडळी पुन्हा दारात. या वेळी त्यांच्यातले सर्वांत वजनदार गृहस्थ खास तेवढ्यासाठी आले होते. एक मिनिट बघतो, ते म्हणाले. मागच्या वेळी दाखवलंत की.

“म्हणूनच,” ठिणगी म्हणाली. स्टुलावरून उठलीसुद्धा नाही. “दार उघडणार नाही. खिडकीत चढलं की बघा, तिथे फुकट आहे.”

गृहस्थ लाल झाले, बाईंकडे वळले. श्वासबाई त्यांना म्हणाल्या की मी बारा महिने जे शिकवते ते या बसून करतायत, आपण चहा घेऊ.

चक्र खिडकीत चढलं. सकाळचं ऊन त्यातून येऊन सभागृहाच्या फरशीवर पडलं, आणि खाली जमलेल्या माणसांत ठिणगी अशी उभी होती, जणू ऊन तिनेच घडवलंय. बाबा तिच्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. मी चुकीची वाटणी केली होती, ते म्हणाले. खुर्ची तूच घे.

“नाही,” ती म्हणाली. “फुटली ती माझी म्हटलं, तो शब्द मी फिरवला नाही. आता तुम्ही तुमचा शब्द फिरवू नका. तो बसेल.”

आता कुणी काय मोजलं ते बघू. श्वासबाईंनी ठरलेली रक्कम दिली, वर एक पैसा नाही. निवांतने शांतता दिली. हल्ली दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं आणि संध्याकाळी त्याचा घसा बसलेला असतो. बाबांनी आपण कधी चुकत नाही हा जुना समज दिला. खुर्ची मात्र एकट्या ठिणगीने दिली, आणि एवढी मोठी रक्कम मोजून त्या खिडकीखालून मान वर करून जाणारी तेवढीच एक.