दिवस बुडायच्या आत

“पावणं, चपला घाला पायात! ह्यो देव न्हाय.”

जिनपाल दचकला. दाराच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचे लाकडी चेहरे उभे होते, डोळे वटारलेले, दात विचकलेले. चंदगडच्या रानात असलं काही दिसलं की शहाणा माणूस आधी पायताण काढतो आणि मग चौकशी करतो. आपण जैन असलो तरी दुसऱ्याच्या देवाकडे उधारी ठेवू नये, हा मंगळवार पेठेतला व्यवहार जिनपालनं जन्मभर पाळला होता. चपला काढून, हात जोडून तो उभा होता.

गल्ल्यामागचा माणूस चष्मा सारून पुढं वाकला.

“अरं, जिन्या? तू? आणि बारमधी?”

“पावणं म्हणालास की मला.”

“मग काय म्हणू? उद्घाटनाला बोलावलं तर म्हणालास, दारूच्या दुकानाची पायरी चढणार न्हाय. केसं पिकल्यावर चढलास!”

उदयसिंह देसाई तरुणपणी बोटीवर होता. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यानं असा बार पाहिला, बांबूच्या भिंतींचा, गवताच्या छपराचा, दूरच्या बेटांवरच्या देवांचे मुखवटे मांडलेला. त्या मुखवट्यांना म्हणायचे टिकी, म्हणून बारही टिकी. गावी येऊन त्यानं सुताराला चित्र दाखवलं. सुतारानं फणसाच्या ओंडक्यात जे कोरलं ते बेटावरचं कमी आणि शिवेवरच्या वेताळाच्या भावकीतलं जास्त निघालं. कैक वर्षं ट्रकवाल्यांशिवाय तिकडं कुणी फिरकलं नाही. आणि आता बेळगाव-पुण्याची पोरं ‘रेट्रो, रेट्रो’ करत गाड्या भरून येत होती, वेताळाच्या गळ्यात हात घालून फोटो काढत होती. धूळ साचू दिली तर मालाला भाव येतो, हे गणित उदयसिंहला न करताच सुटलं होतं.

“ती पांढरी गाडी तुझी? मला वाटलं नेत्रशिबिर आलं.”

“राधानगरीत एक म्हातारी गाडीच्या पायरीवर येऊन बसली. आदी माझं डोळं बघा म्हणाली.”

“मग बघितलंस का न्हाय?”

“बघितलं की. चांगलं हायती म्हणून सांगितलं. खूश होऊन गेली.”

उदयसिंह खदखदून हसला. जिनपाललाही हसू आलं, आणि आपलं हसणं आपल्यालाच जरा अनोळखी वाटलं.

गाडी त्यानं शिरोलीत बांधून घेतली होती. आत शेगडी, पाण्याची टाकी, समोरासमोर दोन बिछाने. त्याची बायको चंदना लग्नापासून म्हणत आली होती, कुठंतरी लांब जाऊ या. गुळाचा सीझन संपू दे, असं जिनपाल दरवर्षी म्हणायचा. पेठेतला गुळाचा व्यापार असा की एक सीझन संपतो तेव्हा दुसऱ्याची बोलणी चालू झालेली असतात. शेवटी दुकान मुलाच्या, अनेकांतच्या, हाती दिलं आणि गाडी बांधायला टाकली. पडद्यांचं कापड चंदनानं निवडलं. पडदे शिवून आले तेव्हा ती नव्हती.

आता जिनपाल इथं आला होता तो एकच गोष्ट विचारायला. येतोस का? गोकर्णापर्यंत. दुसरा बिछाना मोकळा आहे. एवढंसं वाक्य त्यानं घाटातल्या वळणावळणावर घोकलं होतं. गुळाच्या सौद्यात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, पण हे वाक्य काही ओठांशी येईना.

“काय घेणार?” उदयसिंहनं फळीवरून रागीट चेहऱ्याचा एक चिनीमातीचा पेला काढला.

“ह्यातनं आधी काय काय प्यालंय?”

“सगळं प्यालंय!” त्यानं पेला परत ठेवला, शहाळं फोडलं, त्यात कागदाची चिमुकली छत्री खोचली आणि पुढं सरकवलं. “जेवलास?”

“न्हाय अजून.”

“मग माझ्यासंगट जेवायचं. ओल्या काजूची उसळ, मी स्वतः करतो. दहा मिनिटं बस.”

जिनपालनं खिडकीतून पाहिलं. दिवस डोंगराच्या चांगला वर होता. तो बसला. घरी तो दिवस बुडायच्या आत जेवायचा, आणि अनेकांत-आदिती दुकान आणि ऑफिस उरकून अंधार पडल्यावर यायची. सून ताट झाकून ठेवून जायची, त्यात तिची कसूर नव्हती. पण ‘माझ्यासंगट’ हा शब्द चंदनाबरोबरच घरातून गेला होता.

पोरांच्या दोन गाड्या आल्या, मागून तिसरी. उदयसिंह भटारखान्यातून बाहेर आला, ऑर्डरी घेतल्या, आत गेला, पुन्हा आला.

“काका, हे कोण?” एका मुलीनं जिनपालकडं बोट केलं.

“ह्यो? माझा जिगरी दोस्त!” उदयसिंह रंगात आला. “कॉलेजला मी ह्यांच्या घरात भाड्यानं राहायचो. जेवायला ह्यांच्यातच. पण कायदा कडक! दिवस बुडायच्या आत जेवण. मी तालमीतनं यायचो, पोटात कावळं, आणि ह्याची आई ताटं घासत बसलेली. मग ह्यो काय करायचा? आपण जेवायचा न्हाय. वाट बघायचा, उन्हं जाईपातूर गल्लीच्या तोंडाला उभा! मी दिसलो की बोंब ठोकायचा, पळ की लेका, सूर्य चालला!”

पोरं हसली. कुणी टाळी दिली. “मग? वेळेत पोचायचात?”

“कधी पोचायचो, कधी न्हाय. न्हाय पोचलो की दोघंबी उपाशी!”

जिनपाल ऐकत होता. उदयसिंहची पाठ खिडकीकडं होती. त्याच्या खांद्यावरून डोंगराची कड तांबडी झाली, मग जांभळी, मग नुसती कड उरली. कुणीतरी माशांची कातडी फुगवून केलेले दिवे लावले.

ताट आलं तेव्हा बाहेर पुरता अंधार होता.

“घे. कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाट्याला तर दारात उभा केला न्हाय. ध्यानात हाय का न्हाय माझ्या?”

“हाय की,” जिनपाल म्हणाला. उसळीतून वाफ निघत होती. “वास झकास आलाय. डब्यात भरून दे. गाडीत बसून निवांत खातो.”

“तेबी बरंच. मला तरी कुठं बसता येतंय आज!”

रात्र उलटलेलं अन्न जिनपालला सकाळी चालत नव्हतं. डबा त्यानं दोन्ही हातांत घेतला. गरम होता.

“उदय.”

“बोल.”

“गोकर्णाला निघालोय. येतोस का? गाडीत जागा हाय.”

उदयसिंहनं क्षणभर त्याच्याकडं नीट पाहिलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून हाक आली.

“येतो की! न यायला काय झालं? फकस्त हा सीझन संपू दे, जिन्या. मे सरला की मोकळाच.”

“व्हय,” जिनपाल म्हणाला. “संपू दे.”

“आणि येवढी गाडी मागं घेतोस? पोरांच्या गाड्या आडकल्यात.”

जिनपाल बाहेर आला. डबा शेजारच्या सीटवर ठेवला, गाडी चालू केली. मागं अंधार, एका बाजूला चर, एका बाजूला पोरांची नवी कोरी मोटार. मागं उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारं कुणी नव्हतं. त्यानं हँडब्रेक ओढला, खाली उतरला, मागं जाऊन चर पाहिला, परत वर चढला. गाडी वीतभर मागं घेतली. थांबवली. आणि पुन्हा बघायला उतरला.