गुरुजींची दीड गोळी

अमळनेरच्या लीलाधर गुरुजींना जगातल्या बहुतेक माणसांची कीव येई आणि दारुड्यांची शिसारी. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांचं मुख्याध्यापकपण उतरलं नव्हतं. मधुमेह झाल्यावर गावातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी घेतली की वेळेवर जेवायचं, मनानं कमीजास्त करायचं नाही. गुरुजींनी ते कानाआड केलं. हा डॉक्टर त्यांच्याच शाळेत गणितात दोनदा गचकलेला. तो आपल्याला काय शिकवणार?

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये धुळ्याला व्यसनमुक्तीची सभा होती आणि अध्यक्ष होते गुरुजी. आदल्या दिवशी त्यांनी होळीच्या पुरणपोळ्या चापल्या होत्या. त्याचं प्रायश्चित्त म्हणून सकाळी एकाऐवजी दीड गोळी घेतली. बायको भिकुबाई भाकरी थापतच होत्या, पण नाश्ता सभेत होईल म्हणत हे निघाले.

वाटेत एसटी पंक्चर झाली. बाकीचे उतारू लिंबाखाली बसले. त्या आळशांकडे तुच्छतेनं बघत गुरुजी पुढच्या फाट्यापर्यंत दोन मैल तरातरा चालले आणि तिथून दुसरी गाडी धरली.

धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा हात थरथरत होते, सदरा घामानं चिंब, आणि पाटीवरची अक्षरं मुंग्यांसारखी हलत होती. सभागृह कुठं आहे ते विचारायला ते चौकशीच्या खिडकीशी गेले, पण जीभ वळेना. कारण नसताना भयंकर राग आला. त्यांनी खिडकीवर थापा मारल्या.

"बाबा, सकाळी सकाळीच?" आतला कारकून म्हणाला. "वयाची तरी लाज धरा."

रांगेत कुणी खिदळलं. मी अध्यक्ष आहे, एवढं सांगायला शब्द सापडेना. गुरुजी खांबाला टेकून खाली बसले. लोक धोतर-लुगडी सावरत त्यांना वळसा घालून जाऊ लागले.

बांगड्या विकणारी हसीनाबी टोपली घेऊन गाडीची वाट पाहत होती. ती जवळ आली, वाकली.

"दारूचा वास कुठंय? घाम बघा कसा गळतोय. साखरेचा आजार आहे का, चाचा?"

गुरुजींनी कशीबशी मान हलवली. तिनं उपाहारगृहातून पाण्यात भरपूर साखर ढवळून आणली आणि घोट घोट पाजली. पाव तासानं गुरुजी भानावर आले. आभार राहिले बाजूला, म्हणाले, "ऊन लागलं मला."

"ऊन नाही. पोटात गोळी, अन् अन्न नाही," हसीनाबी तुटकपणे म्हणाली. "माझा नवरा साखरेची सुई घेतो, मला रोजचं आहे हे. शिकलेली माणसं एवढी येडी कशी?"

वडील गेल्यापासून गुरुजींना येडा कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं तिच्या फडक्यातली भाकरी खाल्ली. तरीही सभेला जातो म्हणून उठले, तेव्हा तिनं त्यांना रिक्षात कोंबलं आणि दवाखान्यात नेलं. ते बरंच झालं. तिथं साखर पुन्हा उतरली आणि सलाईन लावावं लागलं. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, मूत्रपिंडं थकलीत, गोळी अंगात रेंगाळते. आता तुम्हाला एकसुद्धा जास्तच होते.

संध्याकाळी भिकुबाई आल्या. खाटेकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुमले गोळी याद राहस, भाकर नही."

गावात गुरुजी आजही उन्हाच्या झळीचीच गोष्ट सांगतात. लोक आदरानं माना डोलावतात. आत भिकुबाई भांडं आपटतात. गोळ्यांची डबी त्यांनी आपल्या कमरेला खोचली आहे. ताट रिकामं झाल्याशिवाय ती उघडत नाही.