एन्तिन तेतेहची डावी पोटरी

चपलेवरून मला पहिल्यांदा शंका आली. एन्तिन तेतेह, माझी थोरली बहीण, उमऱ्याच्या यात्रेसाठी घेतलेल्या नव्या चपला घालून ओसरीवर चालून बघत होती, आणि डाव्या चपलेचा पट्टा तिने पार शेवटच्या भोकापर्यंत सैल केला होता. उजवा मात्र नीट आवळलेला. पाय दोन्ही एकाच बाईचे, मग असं का, हा प्रश्न आमच्या घरात दुसऱ्या कुणाला पडला नसता. मला पडला. घरात मला काळजीचं गाठोडं म्हणतात. म्हणोत बापडे.

“तेतेह, डावा पाय सुजलाय तुझा?”

“मशीनवर बसून बसून सुजतो गं. कावालूत कुणाचा सुजत नाही?”

तसं ते खरं होतं. आमच्या या कावालू गावातल्या बाया सकाळपासून भरतकामाच्या मशीनवर बसतात, मान खाली घालून, आणि दुपारपर्यंत घोटे भरून येतात. पण मग दोन्ही येतात. मी खाली बसले आणि तिचा लुंगीसारखा गुंडाळलेला सारोंग वर सारला. पोटरी ताणलेली, चकचकीत, हाताला गरम. जरा दाबलं तशी ती किंचाळली.

“मोडतेस काय पाय! काल मा ओयोहने चोळून दिलाय, म्हणून दुखतोय. वारं शिरलंय म्हणते ती. आज निरोपाला येणारे पाहुणे गेले की पुन्हा चोळणार आहे, आल्याचं तेल घेऊन.”

मा ओयोह म्हणजे आमच्या गल्लीची चोळणारी. बाळंतीण असो, मुरगळलेला पाय असो, नाहीतर नुसती मरगळ असो, आमच्याकडे आधी तिलाच बोलावणं जातं. उमऱ्याला निघालेली प्रत्येक बाई जायच्या आधी तिच्याकडून पाय चोळून घेते, काब्याभोवतीच्या फेऱ्यांना पाय हलके व्हावेत म्हणून. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही एरवी वाटलं नसतं.

“आणि गोळ्या? गोळ्या चालू आहेत ना अजून?”

“हळू बोल की! बाहेर बाप्ये खुर्च्या लावतायत.”

“तेतेह, चालू आहेत की नाहीत?”

“आहेत. मग काय करू? इतकी वर्षं वाट बघितली, आणि तिथं जाऊन पाळी आली म्हणजे? बाकीच्या फेऱ्या घालणार आणि मी हॉटेलात बसून भिंती मोजणार?”

पाळीत तवाफ, म्हणजे काब्याच्या फेऱ्या, चालत नाही, त्यामुळे तिच्या यात्रेच्या गटातल्या सगळ्याच बायांनी पाळी पुढे ढकलायची सोय केली होती. कुणी डॉक्टरला विचारून, कुणी शेजारणीला विचारून. तेतेहने शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, मुलं न होण्याच्या गोळ्या घे, खाडा न करता घे, पाकिटातल्या शेवटच्या रंगीत गोळ्यांना हात लावू नकोस, त्यांवर आलीस की पाळी येते. तेतेहने कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकिटं आणली आणि तेव्हापासून ती घेतच होती. सरकारी दवाखान्यातल्या सुईणबाईकडे ती मुद्दाम गेली नाही. सुईणबाई प्रश्न विचारते ना!

मला ते प्रश्न पाठ आहेत. मी स्वतः वर्षानुवर्षं त्या गोळ्या घेतल्या, काही झालं नाही, दोन मुलांत हवं तेवढं अंतर ठेवलं. पण नवं पाकीट हातात ठेवण्याआधी सुईणबाई दंडाला पट्टा गुंडाळायची आणि सुरू व्हायची: वय किती? सिगारेट ओढतेस? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात? रक्ताच्या नात्यात कुणाच्या नसेत रक्त गोठलंय? आणि शेवटी दम भरायची, “एकच पाय सुजला, दम लागला, छातीत कळ आली, तर गोळी बंद आणि तडक दवाखाना. आणि चोळत बसू नका मेल्यांनो.” पुढे माझा रक्तदाब वाढला तशी तिने गोळ्या काढून घेतल्या आणि तांबी बसवली. मी तेव्हा फुरंगटले होते.

तेतेहची चाळिशी जवळ आलेली. अर्धशिशी तिला पोरवयापासून. अर्धशिशी यायच्या आधी तिला सुईच्या टोकाभोवती नागमोडी उजेड दिसायचा आणि ती मशीन थांबवून डोळे मिटून बसायची. सुईणबाईने तिला या गोळ्या मुळीच दिल्या नसत्या.

“आत्ता दवाखान्यात चल,” मी म्हटलं.

“वेडी का तू? उद्या निघायचंय.”

“म्हणूनच. विमानात इतके तास पाय दुमडून बसणार...”

“चिचिह.” माझं पूर्ण नाव घेऊन तिने चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुला जायला मिळत नाही, ते तुझ्या पोटात दुखतंय. सांगून टाक एकदाचं.”

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. कारण दुखत होतं. बाहेरच्या खोलीत गटाने दिलेली, तिच्या नावाची हिरवी बॅग उभी होती आणि येता-जाता मी तिच्याकडे बघत नसे, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण पोटात दुखणं वेगळं आणि तिची पोटरी वेगळी. हे तिला कसं समजवायचं?

मी कांग ओमानला गाठलं. हा तिचा नवरा, स्वभावाने गरीब, पण त्या दिवशी त्याला खुर्च्यांपलीकडे काही दिसत नव्हतं.

“कांग, तिचा पाय बघितलात? एकच सुजलाय.”

“बघितला. दोन्ही सुजले असते तर चपला मोठ्या घ्याव्या लागल्या असत्या,” तो हसला. “अगं, गटाबरोबर डॉक्टर असतो तिकडे. तू आधी चहाचं बघ.”

चहाचं बघायला मी स्वयंपाकघरात गेले. एमा, आमची आई, पाहुण्यांना वाटायला गुळाचा चिकटभात पानात बांधत होती. कपबश्या वाजल्या तशी ती म्हणाली, “फोडशील सगळं.”

“एमा, ओनाह मावशी कशाने गेली?”

“आज? आज हे आठवायचं?”

“सांग ना.”

“वाऱ्याने गेली. बाळंतपणानंतर पायात वारं शिरलं होतं. मा ओयोहची आई चोळायला यायची तिला. सकाळी न्हायला म्हणून उठली आणि दारातच...” एमाने पान दुमडलं, पण दोरा बांधला नाही.

“एक पाय सुजला होता की दोन्ही?”

एमा पानाकडे बघत राहिली. मग एकदम खेकसली, “जा, चहा ने बाहेर. अभद्र बोलू नकोस.”

चहा नेला. चटया माणसांनी भरल्या होत्या. गल्लीतल्या, मशिदीतल्या, भरतकामाच्या कारखान्यातल्या सगळ्या बाया पांढरी ओढणी घेऊन बसल्या होत्या. उस्तादांनी, म्हणजे आमच्या मौलवींनी, प्रार्थना सुरू केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे तेतेहच्या पायावर. ती डावा पाय लांब करून बसली होती, मोठ्या माणसांसमोर असा पाय ती जन्मात पसरत नाही. पलीकडे भिंतीशी मा ओयोह तिची तेलाची बाटली मांडीवर घेऊन बसली होती, प्रार्थना संपायची वाट बघत. उठून ती बाटली बाहेर भिरकावावी असं वाटत होतं. पण मग पुढे काय? मला खोलीत कोंडतील आणि आपलं काम करतील.

प्रार्थना संपली आणि तेतेह माफी मागायला उठली. उमऱ्याला जाणारा माणूस निघण्याआधी सगळ्यांचे हात हातात घेऊन म्हणतो, माझं चुकलंमाकलं पोटात घाला. समोरचा म्हणतो, घातलं, सुखरूप जाऊन ये. बस, एवढंच. कुणी कधी नाही म्हणत नाही. मागे कुणाचा राग ठेवून गेलं तर देवाच्या त्या घरी केलेली प्रार्थना लागू होत नाही असं आम्ही मानतो, म्हणून वर्षानुवर्षं न बोलणारे शेजारीही त्या दिवशी हात पुढे करतात.

ती एकेकीपुढे वाकत येत होती. चटईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बस. तेवढ्यातही तिला धाप लागत होती. दोनदा तिने भिंतीला हात लावला. लोकांना वाटलं, गहिवरून आलंय तिला. बाया डोळे पुसायला लागल्या.

माझ्यापुढे आली. दुपारच्या बोलण्याची तिला लाज वाटत असावी, कारण माझे दोन्ही हात तिने घट्ट धरले.

“चिह, सगळ्यात जास्त तुलाच बोलले असेन मी. पोटात घाल.”

मी काही ठरवलेलं नव्हतं. खरंच नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. “चिह...”

“नाही घालणार. सगळ्यांच्या देखत सांगते. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चललीस तर माफ. नाहीतर माझा राग घेऊन जा काब्यापर्यंत.”

एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. “शोभतं का हे?” “बहीण आहे की वैरीण!” कांग ओमान चटया तुडवत आला, चेहरा लालबुंद. “चिचिह, आत्ताच्या आत्ता माफी दे. तमाशा पुरे झाला.”

“तिला धाप लागलीय, कांग. कान लावून ऐका तरी. आणि गोळ्या घेतेय ती, पाळी थांबवायच्या, कुणाला न विचारता.”

दाराबाहेर खुर्च्यांवर बसलेल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. तेतेहने माझे हात सोडले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती. चार माणसांत मी तिची पाळी मांडली होती.

“अगं, मी देते चोळून, उतरेल,” मा ओयोह बिचारी बाटली घेऊन उठली. “चांगलं जोर लावून चोळते...”

“हात लावायचा नाही.”

हे मी बोलले नाही. स्वयंपाकघराच्या दारात एमा उभी होती, हाताला भात तसाच चिकटलेला.

“ओयोह, तुझ्या आईवर माझा राग नाही. पण हात लावायचा नाही तिच्या पायाला.” मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “एकच सुजला होता. डावाच.” आणि जावयाला म्हणाली, “गाडी काढ.”

कांग ओमानची भरतकामाचे गठ्ठे नेणारी टेम्पोगाडी होती. त्याच गठ्ठ्यांवर तेतेहला आडवी केली. वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एमा तिचं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटत होती, आणि मी आळीपाळीने रस्त्याकडे आणि तिच्या छातीकडे बघत होते. माझं काही चुकलं असेल तर? नुसती मशीनची सूज निघाली तर? निघू दे, देवा, नुसती सूज निघू दे, जन्मभर मला वैरीण म्हणू देत.

नुसती सूज नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पायावर यंत्र फिरवून बघितलं, छातीचं स्कॅन केलं. पोटरीपासून मांडीपर्यंतच्या आतल्या मोठ्या नसेत रक्त गोठलं होतं आणि त्यातला एक बारीक तुकडा फुफ्फुसात पोचलाही होता, धाप त्याचीच होती. त्यांनी गोळ्यांचं विचारलं, वय विचारलं, अर्धशिशीचं विचारलं, घरात कुणाला असं झालं होतं का ते विचारलं. अगदी सुईणबाईचेच प्रश्न. एमाने ओनाहमावशीचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतलं.

“पाळी पुढे ढकलायची होती तर आधी आमच्याकडे यायचं होतं. तुम्हाला काय चालेल, काय नाही, ते बघून ठरवलं असतं. या गोळ्या तुमच्यासाठी नव्हेतच, आता पुन्हा कधीही नाही.”

“आणि विमान?” तेतेहने विचारलं.

“विमानाचं नाव काढू नका. आणि आणखी एकदा कुणी जोर लावून चोळलं असतं, तर विमानाचा प्रश्नच उरला नसता.”

कांग ओमान भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मला त्याचा आलेला सगळा राग तिथंच विरघळला.

गट तिच्याशिवाय गेला. वॉर्डातल्या खाटेवर, हाताला सुई लावलेली, ती फोनवर विमानतळावरचे फोटो बघत होती. सगळ्याजणी हिरव्या बॅगा घेऊन रांगेत उभ्या. तिने फोन उशीखाली सरकवला. गोळ्या बंद झाल्या होत्या, त्यात रक्त पातळ करायची औषधं चालू होती. मला खुणेने जवळ बोलावून ती हळूच म्हणाली, “कापड आण. पाळी आली.”

मी आणलं. तिला आडोसा केला, चादर बदलली, धुतली. कामं संपल्यावर मी खाटेशी स्टूल ओढून बसले. बराच वेळ ती छताकडे बघत होती. मग हसली, आणि हसता हसताच रडली.

“हिला चुकवायला एवढं केलं मी,” ती म्हणाली.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिने तो काढला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

“तू मला माफ केलंस शेवटी?”

“गाडीतच केलं होतं.”

“मी नाही केलं तुला. सगळ्या गल्लीसमोर बोललीस तू माझं.”

“हो. बोलले.”

“इतक्यात नाही करणार.”

“नको करूस,” मी म्हटलं. “सावकाश कर.”

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिच्या पाठीकडे बघत बसून राहिले, श्वासाबरोबर ती वर-खाली होतेय ना ते बघत.