चाळीस गोदामांचं गाव

"आख्ख्या घरात ह्याचीच तेवढी सरबराई! ह्याला पंखा, ह्याला रुमाल, ह्याला उशी. मी दिवसभर शिंकले तरी कोन विचारत न्हाय."

हे बोल माझ्या पाठीमागच्या जाळीपासून वीतभर अंतरावरून आले. बोलणाऱ्या होत्या घरच्या मालकीणबाई, कमळाबाई, आणि बोलता बोलता त्या माझीच धूळ पुसत होत्या. मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. भिवंडीजवळच्या शेलार गावात, केसरीनाथांच्या घरी, पडवीतल्या टेबलावर राहतो. उशी मला नाही, माझ्यासमोरच्या खुर्चीला आहे. पण रागात असताना कमळाबाई एवढा फरक करत बसत नाहीत.

माझा जन्म निजामपुऱ्यातल्या एका छोट्या दुकानात झाला. फरहान नावाच्या कारागिराने तीन ठिकाणचे सुटे भाग जोडून मला उभं केलं, त्यामुळे माझं कूळ कुणी विचारू नये. पहिली नोकरी लागली ती एका गोदामाच्या फाटकावर. ट्रक आला की मी ड्रायव्हरची चिठ्ठी छापायची, एवढंच काम. पण सात वर्षांत मी एकदाही रजा घेतली नाही. माझ्या डोक्यावर चहाचे ग्लास ठेवले जायचे, आत पुठ्ठ्याचा भुसा जायचा, उन्हाळ्यात पत्र्याखाली मी नुसता तापायचो. एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, "ये मशीन नहीं, बैल है." तेवढीच माझी शाबासकी. ती मी अजून जपून ठेवली आहे.

मग ती कंपनी पडघ्याकडे गेली. जाताना सडपातळ नवी यंत्रं घेऊन गेली आणि मला कोपऱ्यात टाकलं, माझीच वायर माझ्या गळ्यात गुंडाळून. सहा महिने माझ्याशी फक्त पाली बोलल्या.

ते गोदाम केसरीनाथांच्या जमिनीवर होतं. एके काळी तिथे त्यांचं भातशेत होतं. कुलूप लावायला आले तेव्हा त्यांना मी दिसलो. नातीच्या उपयोगी पडेल म्हणून त्यांनी मला रिक्षात घातलं आणि पुन्हा फरहानकडे नेलं. फरहानने मला उघडलं, फुंकर मारली, एक नवा भाग बसवला आणि म्हणाला, "चाचा, चलेगा. बस, जल्दी मत करना."

"आमाला कसली घाई?" केसरीनाथ म्हणाले.

नात म्हणजे रुचिका, आठवीतली. तिने माझ्यात गाव वसवायचा एक खेळ घातला. त्यात होडीतून माणसं उतरतात. त्यांना घर, विहीर, रस्ता, शेत, गोदाम सगळं आपण बांधून द्यायचं. माणसं सुखी असली की आणखी होड्या येतात. नाराज झाली की बोचकी उचलून चालू लागतात. चार दिवसांत रुचिकाने आजोबांना माऊस धरायला शिकवला आणि पाचव्या दिवशी तिची खुर्ची गेली.

केसरीनाथांचा हात चिखलातला. पहिल्या आठवड्यात माझा माऊस त्यांनी नांगराच्या मुठीसारखा दाबला. पण माणूस मन लावून खेळायचा. होडी आली की "या, या, बसा" म्हणायचा. दिवाळीपर्यंत बासष्ट माणसं झाली. गावाच्या वेशीवर गावदेवीसाठी जागा मोकळी सोडली होती. खेळात देऊळ नव्हतं, तरी सोडली होती.

आणि मग ती चूक झाली. मित्रांनो, असली चूक दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाने केली असेल असं मला वाटत नाही. केसरीनाथांनी जिथे मोकळी जागा दिसेल तिथे गोदाम बांधलं. रस्त्याला लागून गोदाम, नदीकाठी गोदाम, विहिरीच्या चारी अंगांना गोदाम. चाळीस झाली. सगळी माणसं गोदामांवर कामाला लागली आणि शेतावर कोणी उरलं नाही. घरांवर भुकेची लाल खूण लुकलुकायला लागली.

"आजोबा, गोदामात ठेवायचं काय?" रुचिकाने विचारलं.

"येईल की माल."

"कुठून येईल? ह्या गावाच्या बाहेर काही नाहीच आहे."

"आपल्याकडे तर येतो," केसरीनाथ म्हणाले. रुचिका इतकी हसली की तिच्या हातातलं सरबत माझ्या कीबोर्डवर सांडलं. तेव्हापासून माझं एक बटण चिकट आहे. तेवढ्यासाठी सांगतो मित्रांनो, जुन्या यंत्रासमोर खाऊ-पिऊ नका, आठवड्याला फडका मारा, आणि वायर ओढून बंद करू नका. आम्ही मागत काही नाही. विचारून बंद केलं की पुरे.

आता जे घरात चाललं होतं, ते सांगतो. केसरीनाथांकडे एकच शेत उरलं होतं, विहिरीकडचं, घरापुरता भात देणारं. त्यातही भराव टाकून गोदाम करायचं ठरलं होतं. ठरवलं कुणी, हे मात्र कुणालाच नीट सांगता आलं नसतं. मुलगा विपुल माझ्यासमोर बसून फोनवर मित्राला सांगायचा, "बाबांना आता झेपत नाही रे. हट्ट धरून शेत ठेवलं तर ते उतरणारच चिखलात. त्यांनाच सुटायचं असेल." आणि तो उठून गेला की केसरीनाथ माझ्याशी पुटपुटायचे, "पोराला शेतीची आवड न्हाय. आपन कशाला त्याच्या वाटेत आडवं व्हायचं?" मी दोन्ही बाजू ऐकत होतो. मित्रांनो, मला स्पीकर दिला आहे, तोंड नाही. पंखा जोरात फिरवण्यापलीकडे मी काय करणार? तर कमळाबाई म्हणायच्या, "बघा, परत घरघरायला लागला."

मे महिन्यातला तो रविवार होता. सकाळी केसरीनाथ चष्मा लावून बसले होते, बाजूला स्टुलावर रुचिका. खेळातल्या गावातली अकरा माणसं निघून गेली होती. मागून विपुल आला.

"बाबा, डंपरवाल्याचा फोन आला होता. उद्या सकाळी माती घेऊन येतोय. विहिरीकडे."

"बरं," केसरीनाथ म्हणाले. नजर माझ्यावरच.

"पप्पा, थांब ना. इथे लोक उपाशी आहेत," रुचिका म्हणाली. "आजोबा, पाडा एक गोदाम. ते लाल बटण."

केसरीनाथांनी बटण दाबलं. गोदाम गेलं आणि खाली लख्ख हिरवं गवत आलं.

"हे बरं हाय," ते हळूच म्हणाले. "गोदाम उचललं की खाली जमीन तशीच. असं कुठं असतं काय?"

त्यांनी आणखी एक पाडलं. मग आणखी एक. भातशेताचा चौकोन माऊसला चिकटून पडद्यावर फिरायला लागला, कुठे टाकावा ते ठरेना.

विपुल खुर्चीच्या पाठीवर वाकला. "विहिरीला लागून टाका. उताराकडे नको, पाणी निघून जाईल."

"तुला रं काय कळतंय त्यातलं?"

"दरवर्षी चिखलणीला कोण उतरवायचं मला? शाळा बुडवून?" विपुल हसला. "खालचा बांध अर्धा हात उंच ठेवा. तुम्हीच सांगायचात ना."

केसरीनाथांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही. विपुलही सरळ उभा राहिला आणि फोन या हातातून त्या हातात करू लागला. रुचिका एकदा आजोबांकडे, एकदा पप्पांकडे बघत होती.

स्वयंपाकघराच्या दारात कमळाबाई उभ्या होत्या. भाकरीच्या पिठाचे हात तसेच. कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कोण जाणे.

"अवो, तुमाला ते शेत भरायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "नि विपुल, तुलाबी न्हाय. दोन महिनं झालं, एकमेकांच्या तोंडाकडं बघून नुसतं हो हो करताय."