उजवीकडचं हृदय

मी छातीच्या एक्स-रेची फिल्म बोलतेय. अंगाने काळी, पण उजेडासमोर धरा, पोटात काही ठेवत नाही!

मी जन्मले एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या खोकल्यापायी. खोकला साधाच निघाला, पण त्यांचं हृदय चक्क उजवीकडे होतं. जठरसुद्धा आरशात पाहावं तसं दुसऱ्या बाजूला. पन्नाशी उलटली तरी बाईंना पत्ता नव्हता. आतला सगळा संसार उलटा मांडलेला, आणि तरी कुठे काही अडलं नाही! मला अजून त्याचं नवल वाटतं.

माझ्या नशिबी मात्र पलटणं आलं. मला उजेडाच्या पेटीवर लावणारा जो तो म्हणायचा, "उलटी लागली वाटतं." पलटवल्यावर कोपऱ्यातलं उजवी बाजू दाखवणारं 'आर' हे अक्षर उलटं दिसायचं आणि तो जीभ चावायचा. मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम गालात हसायच्या. त्यांची मी लाडकी.

यंदा ठरलं, की जुन्या फिल्म स्कॅन करून विद्यार्थ्यांसाठी कॉम्प्युटरवर संग्रह करायचा आणि फिल्म त्यांच्यातली चांदी काढून घ्यायला भंगारात द्यायच्या. स्कॅन करणारे दादा भारी काटेकोर. त्यांनी मला पलटवून 'नीट' केलं. रुग्णाचं नाव दिसू नये म्हणून कोपरा काळा केला, त्यात अक्षरही गेलं. माझी नोंद झाली 'निरोगी छाती'. मी भंगाराच्या पोत्यात पडले. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, तीच पुसली गेली. फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी मॅडमनी संग्रहात मला शोधलं, सापडले नाही. दादा म्हणाले, "आहे की, निरोगीत टाकलीय. उलटी होती, मी सरळ केली."

मॅडम म्हणाल्या, "उलटी नव्हती दादा, त्या बाईच तशा होत्या. उद्या अशाच कुणाला आपली मुलं भलत्या बाजूला सुई टोचतील."

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी अख्खं पोतं उपसलं. मला शोधून होते तशीच पुन्हा स्कॅन केलं आणि या वेळी फक्त नाव झाकलं.

आज वर्गातल्या प्रत्येक पडद्यावर मी एकाच वेळी होते. एवढी मोठी मी कधीच नव्हते! एका मुलीने नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

पोरांनो, माणूस पुस्तकाबरहुकूम दिसला नाही, तर त्याला पलटवू नका. आधी त्याच्याकडे नीट बघा.

मी परत पोत्यात आलेय, त्याचं तोंड बांधताहेत. येते मी.